गिरसप्पाचा धबधबा आणि तेरा मकतब

आमच्या घरातल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान. मध्ये काळा कातळ, त्यावरून खाली येणाऱ्या चार पांढऱ्या धारा आणि तळाशी वाफेसारखे तुषार. खाली अक्षरं होती, 'गिरसप्पाचा धबधबा'. ते पान आपाने कापून लावलं होतं. ती तेव्हा आठवीत होती, मी सहावीत. कपाट उघडलं की आधी धबधबा दिसायचा, मग कपडे.

आपा दहावी पास झाली ती माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवून. कॉलेज होतं चौदा किलोमीटरवर. सकाळच्या एसटीचा प्रश्न नव्हता. संध्याकाळची सहाला सुटायची आणि पावसाळ्यात गावच्या फाट्यावर पोचेपर्यंत अंधार पडायचा. अब्बा म्हणाले, "मुलीनं एवढ्या उशिरा एकटीनं यायचं नाही." आपाची तालीम तिथं थांबली. दोन वर्षांनी मी त्याच कॉलेजात नाव घातलं आणि त्याच एसटीनं येऊ-जाऊ लागलो. मला कुणी अंधाराबद्दल विचारलं नाही.

हे मी विसरलो होतो असं नाही. पण त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ते बघायला मला गिरसप्पापर्यंत जावं लागलं.

दोन हजारांतली सफर

२०१४च्या ऑगस्टमध्ये आम्ही चार मित्र निघालो. हायस्कुलात इतिहास शिकवणारा मास्तर, खेडकडचा वकील, बँकेतला नाना आणि मी. दरडोई दोन हजार रुपयांच्या वर एक पैसा जाणार नाही, असा ठराव झाला होता. रेल्वेचा जनरल डबा, सरकारी बस, चौघांत एक खोली आणि जेवण खानावळीत. हिशेबाची वही वकिलाकडे. तो चहाचेही पैसे लिहायचा आणि रात्री वाचून दाखवायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आपा सासरहून आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. म्हणाली, "माझ्यासाठी एक फोटो आण. कपाटातल्या चित्रासारखा. चारही धारा दिसल्या पाहिजेत." मी हो म्हणालो. 'तूही चल' असं म्हणावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

रत्नागिरीहून रात्रीची गाडी पकडली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कारवारपर्यंत आळीपाळीनं सॅकवर बसलो, पुढं गर्दी कमी झाली. पहाटे होन्नावरला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये दोन खाटांची खोली मिळाली. दोघांनी खाली सतरंजीवर झोपायचं ठरलं.

होन्नावर हे उत्तर कन्नड जिल्ह्यातलं लहान गाव. शरावती नदी इथं समुद्राला मिळते. हीच नदी वर घाटात २५३ मीटर खाली कोसळते. त्याला कर्नाटकात जोग म्हणतात. मराठीत जुनं नाव गिरसप्पा, कारण घाटाच्या पायथ्याशी गेरुसोप्पा नावाचं गाव आहे. उत्तर कन्नड जिल्हा १८६२पासून १९५६पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढं मुंबई राज्यात होता. धबधबा म्हैसूर संस्थानाच्या सीमेवर होता. एका तीरावर मुंबईवाल्यांचा बंगला, दुसऱ्या तीरावर म्हैसूरवाल्यांचा. आपाच्या कॅलेंडरवर हे नाव का आलं असेल, याचं थोडं उत्तर या सरकारी नकाशात आहे.

हिनौरचा सुलतान

दुपारी खानावळीत जेवायला बसलो. भात, बांगड्याची आमटी, ताक. नानाने चपाती मागितली, ती नव्हती. तेव्हा मला इब्न बतूता आठवला आणि मी सांगायला सुरुवात केली.

मोरोक्कोचा हा मुसाफिर १३४२ साली दिल्लीहून निघाला. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं होतं. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना तो होन्नावरला थांबला. त्याच्या पुस्तकात गावाचं नाव 'हिनौर' असं येतं. इथं जमालुद्दीन मुहम्मद नावाचा सुलतान होता. तो स्वतंत्र नव्हता. 'हरयब' नावाच्या हिंदू राजाचा तो मांडलिक होता. इतिहासकार या हरयबला विजयनगरचा पहिला हरिहर मानतात. म्हणजे हिंदू राजाच्या छत्राखाली मुस्लिम सुलतान, त्याची स्वतःची जहाजं आणि स्वतःचा दरबार. दख्खनच्या इतिहासात अशी उदाहरणं शोधावी लागत नाहीत, ती रस्त्यात भेटतात.

इब्न बतूता या सुलतानाच्या जेवणाचं वर्णन मोठ्या आवडीनं करतो. तांब्याच्या ताटात भात, वर तूप, मिरी-आलं-लिंबू-आंब्याची लोणची, मग कोंबडी, मग मासे, शेवटी दही. पुढं एकदा तो या सुलतानाकडे अकरा महिने राहिला. त्या सगळ्या मुक्कामात आपण रोटी खाल्ली नाही, कारण इथले लोक भातच खातात, असं तो सांगतो. नाना म्हणाला, "म्हणजे सातशे वर्षं झाली तरी इथं चपाती आलीच नाही." सगळे हसले.

मग मी माझ्या आवडीच्या जागेवर आलो. इब्न बतूता लिहितो की हिनौरचे लोक शाफई मसलकाचे, धार्मिक आणि समुद्रावरच्या लढाईत तरबेज आहेत. इथल्या बायका शिवलेले कपडे घालत नाहीत. अखंड वस्त्राचं एक टोक कमरेला गुंडाळतात, दुसरं डोक्यावरून आणि छातीवरून घेतात. म्हणजे आपल्या ओळखीची साडी किंवा लुगडं. नाकात सोन्याची नथ असते. आणि या सगळ्या बायकांना कुराण मुखपाठ आहे. या गावात मुलींना शिकवणारे १३ मकतब आणि मुलांचे २३ मकतब मी पाहिले, असं तो सांगतो. असं दुसरीकडे कुठंच पाहिलं नाही, अशी पुस्तीही जोडतो.

आम्ही कोकणी मुसलमानही शाफई. इब्न बतूताच्या हिनौरमध्ये मला आमच्याच मोहल्ल्याची जुनी पिढी दिसते. त्यामुळं हा परिच्छेद मला तोंडपाठ होता. मुलींच्या शाळेतल्या बक्षीस समारंभात, सीरतच्या जलशात, वर्तमानपत्रातल्या लेखात मी तो कितीतरी वेळा वापरला होता. 'मुसलमान मुलींना शिकू देत नाहीत' असं कुणी म्हणालं की मी १३ मकतब समोर ठेवायचो. खानावळीतही तसंच ठेवले. आवाजही थोडा चढला असावा.

मास्तर शांतपणे काटे काढत होता. तो म्हणाला, "भारी आहे. अरे, तुझी आपा किती शिकली?"

त्याच्या मनात टोचायचं नव्हतं. तो आमच्या घरी आलेला आहे, आपाच्या हातचं जेवलेला आहे. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"दहावी," मी म्हणालो.

"आणि तू?"

"एम.ए."

पुढं कुणी काही बोललं नाही. वकिलाने बिल मागवलं आणि वहीत लिहिलं.

त्याच पुस्तकाचं पुढचं पान

रात्री सतरंजीवर पडून मला झोप येत नव्हती. आपण जे पान वाचून दाखवतो त्याच्या पुढं काय आहे, हे मला माहीत होतं. ते मी कधी सांगत नव्हतो.

काही काळानं जमालुद्दीनने ५२ जहाजांचा काफिला तयार केला आणि संदापूरवर स्वारी केली. संदापूर म्हणजे गोवा. तिथल्या राजाचा मुलगा बापाशी भांडला होता. त्याने सुलतानाला पत्र लिहून मदत मागितली. आपण इस्लाम स्वीकारू आणि सुलतानाच्या बहिणीशी निकाह करू, असं कबूल केलं. इब्न बतूताही या स्वारीत सामील झाला. शहर पडलं. सुलतानाने त्याला लूट म्हणून एक कैदी बाई दिली. तिचं नाव तो 'लमकी' असं लिहितो. त्याने तिचं नाव बदलून मुबारका ठेवलं. तिचा नवरा खंडणी देऊन तिला सोडवायला आला. इब्न बतूताने नकार दिला. एवढंच तो लिहितो आणि पुढं निघून जातो.

१३ मकतब आणि लमकी एकाच माणसाच्या, एकाच किनाऱ्याच्या, एकाच पुस्तकातल्या गोष्टी आहेत. मकतबातल्या मुलींचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. जिचं नाव लिहिलं गेलं तिचं ते काढून घेतलं गेलं. आणि सुलतानाच्या बहिणीला कुणी विचारलं होतं का, हेही पुस्तकात नाही.

आपल्याकडे इतिहासाची दोन प्रकारे चोरी होते. एक जण लमकीचं पान फाडून घेतो आणि 'बघा, हे असे' म्हणून फिरवतो. दुसरा मकतबांचं पान फाडून घेतो आणि 'बघा, आम्ही असे' म्हणून फिरवतो. पहिल्या प्रकारच्या चोरांवर मी बरंच लिहिलेलं आहे. त्या रात्री पहिल्यांदा मी स्वतःला दुसऱ्या प्रकारात मोजलं.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक इब्न बतूताने मोरोक्कोला परतल्यावर इब्न जुज़य नावाच्या विद्वानाला सांगितलं आणि ते १३५५च्या अखेरीस पूर्ण झालं. म्हणजे हिनौर पाहिल्यानंतर दहा-बारा वर्षांनी, आठवणीतून. 'सगळ्याच' बायका हाफिज होत्या हे एका पाहुण्याला कसं कळलं असेल, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. मकतब नव्हते असं मी म्हणत नाही. ज्याला ते पाहून नवल वाटलं, त्याने काहीतरी पाहिलं असणार. पण एका मुसाफिराच्या एका वाक्यावर मी अख्ख्या समाजाची अब्रू टांगून ठेवली होती. घरातली एसटी मात्र मला आठवली नाही.

मिऱ्याची राणी

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली. होन्नावर ते जोग साधारण साठ किलोमीटर. निम्मी वाट नदीच्या कडेनं जाते. नारळ, सुपारीच्या बागा आणि सुपारीच्या झाडांवर चढलेले मिऱ्याचे वेल. मास्तरने कंडक्टरशी हिंदी-कन्नड मिसळून बोलून आम्हाला गेरुसोप्पाला उतरवलं. जुनं नगर नदीपलीकडे जंगलात आहे. नाना कुरकुरला, "धबधबा बघायला आलोय, देवळं कसली?" पण तोही आला.

झाडीत चतुर्मुख बसदी उभी आहे. काळ्या दगडाचं जैन मंदिर. चार दिशांना चार दरवाजे आणि आत चारही दिशांना तोंड करून बसलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती. कुठल्याही दारानं आत जा, समोर मूर्ती आहेच. पावसात भिजलेल्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. आम्हा चौघांशिवाय तिथं कुणी नव्हतं.

इथं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेन्नभैरादेवी नावाची जैन राणी राज्य करत होती. जवळजवळ अर्धशतक तिने गादी सांभाळली. होन्नावर, भटकळ, मिरजान ही बंदरं तिच्या प्रदेशातली. घाटावरून मिरी खाली यायची, नदीतून बंदरात जायची आणि तिथून अरबस्तान नाहीतर लिस्बन. पोर्तुगिजांना मिरी हवी होती, पण राणी नको होती. ते तिला 'रैना दा पिमेंता' म्हणायचे, म्हणजे मिऱ्याची राणी. १५६९ साली त्यांनी होन्नावर घेतलं. १५७०-७१मध्ये विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला वेढा घातला. त्याच धामधुमीत राणीच्या फौजेनं होन्नावरच्या पोर्तुगीज किल्ल्यावर हल्ला केला. कुठलाच वेढा यशस्वी झाला नाही. पण एक जैन राणी आणि दोन मुस्लिम सुलतान एकाच शत्रूशी लढत होते, हे आजच्या इतिहासाच्या भांडणात कुणाच्या सोयीचं नाही.

शेवटी तिला हरवलं ते पोर्तुगिजांनी नाही. शेजारच्या केळदीच्या वेंकटप्पा नायकाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्य घेतलं आणि राणी कैदेत गेली.

१६२३ साली पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर वेंकटप्पाच्या दरबाराकडे निघाला. त्याची वाट इथूनच होती. होन्नावरहून होडीनं गेरुसोप्पा आणि मग घाट. त्याला नगर उद्ध्वस्त दिसलं, महालांवर झाडी उगवलेली. लोकांनी त्याला राणीची गोष्ट सांगितली. ती अशी की राणी एका हलक्या, परक्या माणसाच्या प्रेमात पडली, त्याच्या हाती सगळं सोपवलं आणि त्याने दगा दिला म्हणून राज्य गेलं.

हे मी बसदीच्या ओट्यावर बसून मित्रांना सांगितलं. वकील म्हणाला, "पन्नास वर्षं राज्य केलं त्याचा हिशेब कुठं आहे? फक्त प्रेमप्रकरण?" वकील हिशेबाचा पक्का. पुरुष राजा हरला तर त्याची फौज कमी पडते, बाई हरली तर तिचं चारित्र्य. तिला जाऊन वीस वर्षंही झाली नव्हती आणि तिच्याबद्दल वाटसरूला सांगायला एवढंच उरलं होतं.

देल्ला वाल्लेने घाटमाथ्यावर आणखी एक गोष्ट पाहिली. देवळाच्या पडवीत चार मुलगे गणित शिकत होते. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक जण धडा गाऊन म्हणायचा आणि बोटानं वाळूत लिहायचा, बाकीचे त्याच्या मागून म्हणायचे आणि लिहायचे. जमीन भरली की वाळू पुसून पुन्हा पसरायची. शिकवायला मास्तर नव्हता, ते एकमेकांना शिकवत होते. आमचा मास्तर यावर फार खूश झाला. कागदाला पैसा नाही, पाटीला पैसा नाही, तरी शिक्षण चालू. आमच्या दोन हजारांच्या सफरीला हे शोभणारं होतं. पण तिथंही चौघं मुलगेच.

देल्ला वाल्लेच्या प्रवासाची जी पानं मी वाचली आहेत त्यांत घाट आहे, देवळं आहेत, राणी आहे, ही मुलं आहेत. धबधबा नाही. तेव्हा या वाटेला लोक मिऱ्यासाठी आणि राजकारणासाठी यायचे. कोसळणारं पाणी बघायला येणं ही पुढची गोष्ट. इंग्रज अधिकाऱ्यांनी बंगले बांधले, चार धारांना नावं दिली. राजा, रोअरर, रॉकेट आणि चौथीला फ्रेंचमध्ये 'ला दाम ब्लांश', म्हणजे गोरी बाई. आता तिलाच राणी म्हणतात. स्थानिकांचं तोंडी म्हणणं वेगळं असेल, पण फलकावर ही नावं आहेत.

धुक्यातला जोग

जोगला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कठड्यापाशी गेलो. समोर धुकं. धबधबा दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. जमिनीतून पायात येणारा तो आवाज. आम्ही आपाच्या उरलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. नानाने भाजलेलं कणीस घेतलं. वकिलाने लिहिलं. तासभर गेला, दोन तास गेले. आजूबाजूची कुटुंबं कंटाळून गाड्यांत जाऊन बसली.

चारच्या पुढं एकदम वारा फिरला. धुक्याचा पडदा बाजूला झाला आणि समोर दरीएवढं पाणी उभं राहिलं. लालसर, मातकट, जाड. चार धारा नव्हत्याच. पुरात त्या एकमेकींत मिसळल्या होत्या. नाना आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला असावा. मी मोबाईल काढेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली आणि पडदा पुन्हा पडला. माझ्या फोटोत पांढऱ्यावर पांढरं आलं.

चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, चार धारा कधी दिसतात? तो म्हणाला, पाऊस ओसरला की. सप्टेंबर-ऑक्टोबर. नंतर उन्हाळ्यात बघण्यासारखं काही राहत नाही, पाणी वर अडवलेलं असतं.

तो म्हणत होता ते खरं आहे. १९४८ साली इथं जलविद्युत केंद्र सुरू झालं, त्याला पुढं महात्मा गांधींचं नाव दिलं. त्यासाठी वर हिरेभास्करचं धरण बांधलं होतं. १९६४ साली त्याहून मोठं लिंगनमक्की धरण झालं आणि जुनं धरण त्याच्या पाण्यात बुडालं. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर दिसतं. त्या जलाशयाखाली गावं गेली, शेतं गेली. कर्नाटकाला वीज मिळाली. म्हणजे ही राजा-राणी आता कधी उतरणार हे पाऊस आणि धरणाचे दरवाजे मिळून ठरवतात. नदी तीच आहे. कुणाला किती वाहू द्यायचं, हे वर बसलेला कुणीतरी ठरवतो.

परतीच्या बसमध्ये मी आपाला फोन केला. म्हणालो, "फोटो नाही मिळाला." ती म्हणाली, "असू दे. तू बघितलास ना?"

भटकळ

तिसऱ्या दिवशी होन्नावरहून भटकळला गेलो. गाडी शरावतीवरच्या पुलावरून जाते. दोन किलोमीटरहून लांब आहे तो, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. आदल्या दिवशी जे पाणी कड्यावरून पडताना पाहिलं ते इथं तळ्यासारखं पसरलेलं होतं.

भटकळ हे नवायत मुसलमानांचं गाव. अरब आणि इराणी व्यापाऱ्यांशी नातं सांगणारा हा समाज. त्यांची नवायती बोली कोकणीच्या कुळातली, त्यात अरबी-फारसी शब्दांची भर आणि लिपी अरबी वळणाची. जोहरच्या नमाजानंतर मशिदीबाहेर एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातवाशी बोलत होते. मला निम्मं कळत होतं. मी आमच्या घरच्या कोकणीत बोललो, त्यांनाही निम्मं कळलं. आम्ही दोघं हसलो. उरलेलं निम्मं उर्दूत भागवलं.

त्यांना मी इब्न बतूताच्या मकतबांबद्दल विचारलं. त्यांनी ते ऐकलेलं होतं. पण त्यांना अभिमान होता तो १९१९ साली स्थापन झालेल्या अंजुमन हामी-ए-मुस्लिमीनचा. मुलामुलींच्या शाळा, कॉलेजं, सगळं तिनं उभं केलं, असं ते सांगत होते. "वो पुरानी बात है," मकतबांबद्दल ते म्हणाले, "ये देखो."

चारच्या सुमारास आम्ही रस्त्यावर उभे होतो. मुलींचे घोळके येत होते. बुरख्यातल्या, पाठीवर दप्तरं, हातात फाईली, मोठमोठ्यानं बोलत. काही रिक्षात बसल्या, काही बसमध्ये, काही चालत निघाल्या. दिवस मावळायला बराच वेळ होता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की आमच्या गावाची एसटी सहाऐवजी साडेचारला सुटली असती तर? किंवा फाट्यावर कुणी तिला घ्यायला उभं राहिलं असतं तर? अब्बांना दमा होता. मी सायकल चालवत होतो. मी उभा राहू शकलो असतो. मला कुणी सांगितलं नाही हे खरं, पण मीही विचारलं नाही.

घरी पोचलो तेव्हा वकिलाने हिशेब दिला. दरडोई १,८६० रुपये. ठरावात बसलो.

पुन्हा एकदा

२०१६च्या ऑक्टोबरमध्ये मी परत गेलो. या वेळी आपा होती आणि तिची मुलगी. सफर दोन हजारांत झाली नाही, कारण आपाला जनरल डब्यात बसवायचं नव्हतं आणि तिने होन्नावरला बाजारातून सुके मासे घेतले. धुकं नव्हतं. चार धारा वेगवेगळ्या दिसत होत्या, अगदी कपाटातल्यासारख्या. आपा कठड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. फोटो काढू का, विचारलं तर म्हणाली, "थांब, आधी बघू दे."

परतताना होन्नावरला मी तिला १३ मकतबांचं सांगितलं. लमकीचंही सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते मकतब कुठं होते?"

मी म्हणालो, आता काही उरलेलं नाही. जागाही कुणाला दाखवता येत नाही.

"मग तू भाषणात काय दाखवतोस?" तिने विचारलं. मी त्यावर काही बोललो नाही.

तेव्हापासून १३ मकतब मी भाषणात वापरायचे सोडले नाहीत. पण ते उत्तर म्हणून सांगत नाही, प्रश्न म्हणून सांगतो. सातशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाला या किनाऱ्यावर असं काही दिसलं की त्याला नवल वाटलं. आज तो आपल्या मोहल्ल्यात उतरला तर काय लिहील? समोर बसलेल्या मुलींच्या भावांना मी विचारतो, घरी कुणाची शाळा सुटली आहे का? कशामुळं? बहुतेक वेळा कारण धर्माचं निघत नाही. कधी बस असते, कधी फी, कधी धाकट्या भावाला सांभाळणं. आणि अनेकदा कारण ठाऊक असलेला भाऊ समोरच बसलेला असतो.

भाची आता रत्नागिरीला कॉलेजात जाते. प्रॅक्टिकल असलं की साडेपाच वाजतात. गावाकडची एसटी कधी मिळते, कधी चुकते. चुकली की ती फोन करते आणि मी मोटरसायकल काढतो.